अध्ययन निष्पत्ती व क्षमतांची नोंद (ऑनलाइन अभ्यासक्रमातील)

विद्यार्थ्याला किती गुण पडले यापेक्षा त्याला नेमके काय येते, हे अभ्यासक्रमाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुराव्यासह नोंदवण्याची पद्धत. धडा संपल्यावर जे करता आले पाहिजे ती अध्ययन निष्पत्ती. अनेक धडे नि विषय मिळून जी अंगी बाणते ती क्षमता. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शिक्षकांच्या कानावर यांची कन्नड नावेही असतात : 'कलिका फल' आणि 'सामर्थ्य'. इंजिनिअरिंग कॉलेजांत सगळे 'सीओ-पीओ'च म्हणतात : सीओ म्हणजे कोर्स आउटकम, एका विषयाची निष्पत्ती; पीओ म्हणजे प्रोग्रॅम आउटकम, संपूर्ण पदवीची.

मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची मुक्त प्रणाली २००२ सालची; तिच्या गाभ्यात क्षमतांची स्वतंत्र चौकट २०१६ मध्ये, ३.१ या आवृत्तीत आली. शिक्षक एखादी क्षमता स्वाध्यायाला जोडतो आणि तो पूर्ण झाल्यावर काय व्हावे ते आधीच ठरवतो : नुसता पुरावा जोडला जावा, नोंद शिक्षकाकडे तपासायला जावी, की क्षमता थेट प्राप्त धरावी. शेवटचा पर्याय जपूनच वापरावा. फाइल चढवली म्हणजे विद्या आली, असे होत नाही.

हिशेबाच्या रीतीनेही चित्र बदलते. एखाद्या मुलीची तीन कामांत चारपैकी १, २ आणि ४ अशी चढती कामगिरी असेल तर साधी सरासरी २.३३ येते. कॅनव्हास या अशाच दुसऱ्या प्रणालीतील एका रीतीत शेवटच्या कामाला ६५ टक्के आणि आधीच्या सरासरीला ३५ टक्के वजन देता येते. तीच मुलगी मग ३.१३ वर पोचते. उशिरा समजलेल्याला आधीच्या चुकांचा दंड कशाला? ही दुसरी रीत जास्त न्याय्य आहे.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या कराराचा) स्थायी सदस्य झाला आणि अभियांत्रिकीच्या मानांकनात निष्पत्तींना मोठे वजन आले. प्रत्येक सीओ कोणत्या पीओला किती लागू पडतो, हे १, २, ३ अशा अंकांनी मांडतात. हे तक्ते सत्र संपल्यावर एक्सेलमध्ये भरले, तर ज्याला आले नाही तो पोरगा तोवर पुढच्या वर्गात गेलेला असतो.

सीमाभागात खरा पेच भाषेचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) हात मळवलेला डिप्लोमाचा विद्यार्थी समजा. साच्याच्या वाळूतील ओलाव्याचा परिणाम इंग्रजीत लिहा म्हटले की तो जागा कोरी सोडतो आणि प्रणालीत 'अप्राप्त' पडते. त्याच्या हातात वाळू द्या : मूठ आवळून तो गोळा मोडून पाहतो आणि सांगतो, "पाणी जास्त झालंय, कास्टिंगला भोकं पडणार." विषय त्याला येतो. अडते ते इंग्रजी लेखन, आणि एकाच निष्पत्तीत दोन्ही कोंबल्याने ते दिसत नाही.

म्हणून निष्पत्त्या वेगळ्या लिहाव्यात : 'वाळूचा ओलावा तपासून ती वापरण्याजोगी आहे का ते ठरवतो' ही एक, 'त्याचे कारण इंग्रजीत लिहितो' ही दुसरी. 'ओलाव्याचे महत्त्व समजते' असे लिहून मापता काहीच येत नाही. पहिल्या निष्पत्तीसाठी मराठीतले ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत स्वाध्याय म्हणून घेता येते. शिवाय मूडलमध्ये पूर्वशिक्षणाचा पुरावा जोडण्याची वेगळी सोय आहे. कॉलेजात येण्यापूर्वी भरलेल्या साच्याचे छायाचित्र विद्यार्थी तिथे ठेवू शकतो, आणि क्षमता द्यायची की नाही ते शिक्षक पाहून ठरवतो.