बिग आर्टीच्या आधी आणि नंतर

ही गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची, रग्बी लीग या खेळाची आणि त्यातल्या ‘बिग आर्टी’ची. पण ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू. नोव्हेंबर 1931 मध्ये ब्रिस्बेनला एडी गिल्बर्ट या वेगवान गोलंदाजाने ब्रॅडमनला शून्यावर घालवलं. गिल्बर्ट क्वीन्सलँडमधल्या शेरबर्ग या सरकारी वस्तीतला आदिवासी. 1897 च्या कायद्यानं तिथल्या आदिवासींचं राहणं, मजुरी, लग्न, सगळं सरकारी ‘संरक्षका’च्या मुठीत दिलं होतं. ब्रॅडमनला शून्यावर बाद करणाऱ्यालाही वस्तीबाहेर खेळायला जायचं तर लेखी परवानगी लागायची.

त्याच शेरबर्गमध्ये फ्रँक फिशर रग्बी लीग खेळायचा. 1932 आणि 1936 मध्ये तो इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध उतरला आणि पाहुण्यांना इतका आवडला की इंग्लंडमधल्या क्लबकडून खेळायचं बोलावणं आलं. सरकारनं जाऊ दिलं नाही. एक गिल्बर्ट पुरे, असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. सिडनी ऑलिंपिकमध्ये 400 मीटरचं सुवर्ण जिंकणारी कॅथी फ्रीमन ही या फिशरची नात.

तेरा जणांची रग्बी लीग हा क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधल्या कामकरी वर्गाचा खेळ. गुरं राखणारे, रेल्वेतले, खाणीतले लोक तो खेळत, आणि आदिवासी वस्त्यांचेही संघ असत. दुसरीकडे बंद असलेली दारं इथं निदान किलकिली होती. त्याहून जास्त मोकळी होती असं मात्र मी म्हणणार नाही. देशाकडून खेळणारा पहिला आदिवासी, लायनेल मॉर्गन, यायला 1960 साल उजाडावं लागलं. क्वीन्सलँडमध्ये आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला तो 1965 मध्ये.

या पार्श्वभूमीवर आर्थर बीटसन येतो. जन्म 1945 चा, क्वीन्सलँडच्या आतल्या भागातल्या रोमा गावचा. देह अवाढव्य, खाण्याचे किस्से त्याहून मोठे, पण हात इतके हलके की तीन जण अंगाला लटकलेले असताना चेंडू अलगद सोबत्याकडे जायचा. लोक त्याला ‘बिग आर्टी’ म्हणत. 1966 मध्ये तो देशाकडून खेळला. तेव्हाच्या राज्यघटनेत देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये असं कलम होतं. ते 1967 च्या सार्वमतानं गेलं. म्हणजे राष्ट्रीय संघाची जर्सी आधी मिळाली, माणसांत मोजदाद नंतर.

1973 मध्ये तो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. कुठल्याही खेळात देशाचं नेतृत्व करणारा तो पहिला आदिवासी. 1974 आणि 1975 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ईस्टर्न सबर्ब्स या क्लबनं सिडनीच्या क्लब स्पर्धेचं विजेतेपद घेतलं. दुसऱ्या वेळी अंतिम सामना 38-0 असा सुटला. पण क्वीन्सलँड त्याला ओळखतं ते 8 जुलै 1980 मुळे. सिडनीच्या क्लबांनी पैसे टाकून नेलेल्या खेळाडूंना जन्मराज्याकडून खेळवायचा तो पहिला प्रयोग. पस्तिशीचा, क्लबच्या दुय्यम संघात ढकलला गेलेला बीटसन कर्णधार म्हणून ब्रिस्बेनच्या लँग पार्क मैदानावर उतरला आणि क्वीन्सलँड न्यू साउथ वेल्सविरुद्ध 20-10 नं जिंकलं. आज अख्खा ऑस्ट्रेलिया ज्याची वाट पाहतो तो या दोन राज्यांमधला ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ इथून सुरू झाला. ज्या राज्यानं फिशरला अडवलं, त्याच राज्याचा अभिमान एका आदिवासीच्या खांद्यावर होता.

पुढच्या आदिवासी खेळाडूंची यादी मोठी आहे. त्यातलं एकच दृश्य सांगतो. 2015 ची राष्ट्रीय क्लब स्पर्धेची अंतिम लढत आदिवासी खेळाडू जॉनथन थर्स्टननं जादा वेळेत एका किकनं 17-16 अशी जिंकली, आणि नंतर तो मैदानातच लेकीला घेऊन बसला. तिच्या हातात काळ्या वर्णाची बाहुली होती. तो फोटो देशभर फिरला. माझ्या मते करंडकापेक्षा त्या बाहुलीनंच जास्त काम केलं.

बीटसन डिसेंबर 2011 मध्ये गेला. लँग पार्कबाहेर त्याचा पुतळा आहे. त्याहून जिवंत स्मारक म्हणजे त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाची मर्री रग्बी लीग स्पर्धा. क्वीन्सलँडचे आदिवासी स्वतःला मर्री म्हणवतात. या स्पर्धेत दारू-सिगारेट बंद, अगदी साखरेची पेयंही बंद. शाळकरी पोरांना हजेरी दाखवावी लागते, सगळ्यांना आरोग्य तपासणी करून यावी लागते, आणि मोठ्यांचं नाव मतदार यादीत नसेल तर मैदानात उतरता येत नाही.