लॅक्टिक आम्लावरचा जुना ठपका

व्यायामानंतरचा थकवा आणि अंगदुखी लॅक्टिक आम्लामुळे येते, असा जुना समज आहे. १७८० मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले यांनी आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं केलं. पुढे १८०७ च्या सुमारास स्वीडनचेच रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना ते स्नायूंतही सापडलं, आणि शिकारीत दमवलेल्या हरणांच्या स्नायूंत ते अधिक असतं, असं त्यांचं मत झालं. थकव्याशी या आम्लाची सांगड इथेच बसली.

पुढची अडचण मोजमापाची होती. स्नायू कापता-कुटतानाच त्यात आम्ल तयार व्हायचं, त्यामुळे आकड्यांवर भरवसा नव्हता. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू बर्फगार अल्कोहोलमध्ये वाटले. विसावलेल्या स्नायूत आम्ल नाममात्र, थकवल्यावर भरपूर, आणि ऑक्सिजन मिळाला की पुन्हा कमी, हे त्यातून स्पष्ट झालं. हिल आणि मायरहॉफ या शरीरक्रियाशास्त्रज्ञांना याच वाटेवरच्या संशोधनासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. आम्लामुळेच स्नायू आकुंचन पावतो, असं तेव्हा मानलं जाई.

१९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंडस्गार्ड यांनी हे उलथवून टाकलं. आयोडोअ‍ॅसिटिक आम्ल देऊन त्यांनी स्नायूतली लॅक्टिक आम्लाची निर्मितीच बंद पाडली. तरी स्नायू क्रिएटिन फॉस्फेटच्या (स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा) जोरावर काही वेळ काम करत राहिला, आणि तो साठा संपल्यावर ताठरला. आम्लाचा मागमूस नसताना! माझ्या मते आम्लाची बदनामी इथेच थांबायला हवी होती. ती थांबली नाही.

दरम्यान, कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने १९२९ मध्ये वेगळंच चक्र मांडलं होतं. स्नायूंतलं लॅक्टेट (शरीरात हे आम्ल बहुतांशी याच रूपात असतं) रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं ग्लुकोज होतं आणि ते स्नायूंकडे परततं. सौदा महागच: स्नायूला एटीपीचे (पेशींना ऊर्जा पुरवणारं संयुग) २ रेणू मिळतात, यकृताचे ६ खर्च होतात. पण तो खर्च यकृत उचलतं आणि धावणाऱ्या स्नायूचं काम निभावतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या जॉर्ज ब्रूक्स यांनी आणखी पुढचं सांगितलं: ऑक्सिजन असतानाही लॅक्टेट सतत तयार होतं, आणि हृदय व इतर स्नायू ते थेट इंधन म्हणून जाळतात. जोरदार व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होतं. अंगदुखी मात्र एक-दोन दिवसांनी शिगेला पोचते. ती येते स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेतून.