निद्रानाश की कॅन्सरमधला थकवा? तक्रार एकच वाटते, उपाय मात्र वेगळे

दिवसभर आडवा पडलेला माणूस रात्री टक्क जागा कसा राहतो, हा प्रश्न कॅन्सरच्या पेशंटच्या घरात हमखास पडतो. घरचे म्हणतात, एवढा थकलाय तर झोप लागायलाच हवी. पेशंट म्हणतो, झोप नाही म्हणून तर थकलोय. डॉक्टरांसमोर बसल्यावर या सगळ्याचं एकच वाक्य होतं: "झोप नाही, अंगात त्राण नाही." त्या एका वाक्यात दोन तक्रारी असतात. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, कधीकधी तर तो उलटतोच.

झोपायला निवांत वेळ आहे, खोलीत अंधार आहे, तरी झोप लागत नाही, सारखी मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते, आणि त्यामुळे पुढचा दिवस बिघडतो, हा झाला निद्रानाश. आठवड्यातून किमान 3 रात्री असं होत असेल आणि ते 3 महिने टिकलं असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश मानतं. पण उपचार चालू असलेल्या माणसाने 3 महिने मोजत बसू नये. काही रात्री सलग गेल्या की डॉक्टरांना सांगावं.

थकव्याची गोष्ट निराळी. रात्री सात-आठ तास चांगली झोप झालेली बाई सकाळी उठते, दात घासते, केस विंचरायला हात वर करते आणि अर्ध्यातच हात खाली येतो. कंगवा हातात तसाच धरून तिला पलंगाच्या कडेला बसावं लागतं. एवढं दमण्यासारखं तिने काहीच केलेलं नसतं. केलेल्या कामाच्या मानाने कितीतरी जास्त आणि विश्रांतीनेही न जाणारा असा हा थकवा असतो. तो फक्त अंगात नसतो. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. याला आळस म्हणणं किंवा मन खंबीर नाही असं म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

दोन्ही ओळखायचे कसे? मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो प्रश्न असा: एखाद-दोन रात्री झोप खरोखर छान लागली, तर दुसरा दिवस बरा जातो का? जात असेल, तर मुळाशी झोप आहे. चांगल्या झोपेनंतरही अंग तसंच गळलेलं असेल, तर तो थकवा. यात एक तिसरा प्रकारही मिसळतो: बोलता बोलता, जेवता जेवता डुलकी लागणं. ती पेंग आहे. तिच्यामागे बऱ्याचदा मॉर्फिनसारखी वेदनाशामकं किंवा उलटीवरची काही औषधं असतात, तर कधी झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास. म्हणून "थकलोय" म्हणणाऱ्याला डोळे मिटतायत की नुसती ताकद नाहीये, हे विचारून घ्यावं.

कारणंही वेगळी. झोप मोडणाऱ्या गोष्टींत दुखणं, रात्री लघवीला उठावं लागणं, स्कॅनच्या रिपोर्टची धास्ती आणि हार्मोनवरच्या औषधांमुळे अंगातून निघणाऱ्या गरम वाफा व घाम. एका कारणाकडे मात्र सहज दुर्लक्ष होतं: केमोसोबत उलटी होऊ नये म्हणून दिलं जाणारं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. त्याची गोळी संध्याकाळी घेतली, तर मध्यरात्र उलटली तरी डोकं चालूच राहतं. ती सकाळी किंवा दुपारी घेतली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारावं. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

थकव्यामागे रक्त कमी होणं, थायरॉइड मंदावणं, जेवण न जाणं, स्नायू झिजणं, नैराश्य आणि शरीरातला दाह यांपैकी बरंच काही एकत्र असू शकतं. केमोनंतरचा थकवा बहुधा पहिल्या काही दिवसांत जोर धरतो आणि पुढच्या सायकलपर्यंत, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीपर्यंत, थोडा ओसरतो. रेडिएशनचा थकवा मात्र आठवड्यागणिक साठत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो.

दोघांची गाठ पडते ती दुपारी. थकवा आला की माणूस आडवा होतो, डोळा लागतो. झोपेचा दाब जागेपणी हळूहळू वाढत जातो. दुपारी दोन तास झोप काढली की तो उतरतो, जसं उशिरा पोटभर खाल्लं की रात्री भूक लागत नाही तसं. त्यात दिवसभर पडदे ओढलेले असले, तर शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्रीची खूणही नीट मिळत नाही. माया म्हणून दिलेला "पडून राहा, आराम कर" हा सल्ला इथेच अपुरा पडतो. डुलकी जरूर घ्यावी, पण अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी.

उपचार संपले की झोप आपोआप सुधारेल, यावरही विसंबू नये. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या सुमाराला 59 टक्के पेशंटना झोपेची तक्रार होती. 18 महिन्यांनंतरही ती 36 टक्क्यांना होतीच. मूळ कारण गेलं तरी अंथरुणात तासन्‌तास जागं पडून राहण्याची सवय मागे उरते. ती मोडायला सीबीटी-आय ही झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी, औषधाविना उपचाराची पद्धत आहे: उठायची वेळ ठरलेली, अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि अंथरुणातला वेळ सुरुवातीला कमी करायचा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरायला सांगितलं. फिट्स येत असतील किंवा कॅन्सर हाडांत पसरल्यामुळे पडण्याचा धोका असेल, तर अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग तज्ज्ञाशिवाय करू नये. झोपेच्या गोळीलाही जागा आहे, पण थोड्या काळापुरती आणि डॉक्टरांनी दिली तरच. मॉर्फिनच्या जोडीला ती श्वास मंदावू शकते.

झोपेची गोळी थकवा काढत नाही. तिथे आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं, दुखणं आटोक्यात आणायचं आणि मग, ऐकायला विचित्र वाटलं तरी, हालचाल वाढवायची. 2017 मध्ये कॅन्सरमधल्या थकव्यावरच्या 113 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात व्यायाम आणि मानसिक उपचार थकव्यावर औषधांपेक्षा सरस ठरले. आठवड्यातून 3 दिवस, अर्धा तास झपझप चालणं हे ध्येय ठेवावं. सुरुवात घरातल्या घरात पाच मिनिटांनी झाली तरी चालेल. प्लेटलेट फार कमी असतील, ताप असेल किंवा हाडं कमकुवत झाली असतील, तर आधी विचारूनच.

पुढच्या भेटीला जाताना आठवडाभराची नोंद सोबत न्यावी: अंथरुणात कधी गेलो, झोप अंदाजे कधी लागली, कितीदा मोडली, दिवसा किती वेळ आडवं होतो, कुठली गोळी किती वाजता घेतली आणि 0 ते 10 मध्ये थकवा किती. 4 किंवा त्याहून जास्त आकडा येत असेल, तर नीट तपासणी करून मागावी. थकवा अचानक वाढला, सोबत धाप, ताप किंवा कुठून रक्त येत असेल, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करावा.