तक्रार की बजेटची सूचना? पत्रं दोन, वाटाही दोन

पावसाळा संपला की नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पदपथाचा फोटो येतो. फोटो दरवर्षी नवा, पदपथ तोच. शाळेच्या मागून जाणारा, पेव्हर ब्लॉक उखडलेला आणि मधेच संपणारा. तो संपतो तिथे पोरं दप्तरं सावरत रस्त्यावर उतरतात आणि रिक्षांना चुकवत फाटकापर्यंत जातात. सलग तीन वर्षं आम्ही तक्रार केली. तिसऱ्या वर्षी उत्तर आलं: उखडलेले ब्लॉक बसवले आहेत, पुढच्या लांबीत पदपथ अस्तित्वात नाही, त्यासाठी चालू वर्षी तरतूद नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

ग्रुप पेटला. मलाही राग आला होता. पण उत्तर पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं की ते बरोबर आहे. जो पदपथ कधी बांधलाच नाही, त्याची दुरुस्ती आम्ही मागत होतो. काम रास्त होतं, पत्र चुकीचं होतं.

तक्रार आणि अंदाजपत्रकासाठीची सूचना यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. दोन्ही अर्जांची सुरुवात ‘महोदय’ने होते, दोन्हींत खड्डे-दिवे-गटारं असतात, म्हणून ती एकच वाटतात. तक्रारीचं म्हणणं असं असतं की या कामासाठी पैसे आधीच ठेवले आहेत, माणूस नेमलेला आहे, तरी काम झालेलं नाही. बंद पडलेला दिवा, तुंबलेलं गटार, न उचललेला कचरा ही सगळी तक्रारीची कामं. सूचना म्हणते की या कामासाठी पैसे ठेवलेलेच नाहीत, पुढच्या वर्षी ठेवा. जिथे खांबच नाही तिथे दिवा हवा असेल, तर ती सूचना. पहिलीला उत्तर द्यायला विभाग कार्यालयातला अभियंता पुरतो. दुसरीचं उत्तर त्याच्या हातात नसतं. त्याला खरोखर वाटलं तरी लेखाशीर्षात, म्हणजे बजेटमधल्या त्या कामाच्या ओळीत, पैसे नसतील, तर तो काम काढू शकत नाही.

दोघींचे हंगामही वेगळे. तक्रारीला बारा महिने दार उघडं असतं. सूचनेला नसतं. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि नवी मुंबईचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं. त्याआधी, दिवाळीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत खातेनिहाय मागण्या गोळा होतात. अभियांत्रिकी, उद्यान, शिक्षण, आरोग्य असं प्रत्येक खातं आपापली यादी करतं. तुमचं काम त्या यादीत गेलं, तरच पुढे त्यावर बोलणं होतं. गेली काही वर्षं महापालिका बजेटआधी नागरिकांकडून सूचना मागवू लागल्या आहेत, तशी आवाहनं वर्तमानपत्रांत येतात. पण आवाहनाची वाट पाहत बसू नये असं माझं मत आहे. ते येईतो खात्यांच्या याद्या बऱ्याचशा बांधून झालेल्या असतात. पत्र नोव्हेंबरातच द्यावं. मार्चमध्ये दिलेली उत्तम सूचना वर्षभर फाईलमध्ये पडून राहते.

सूचना पुढे जाते कशी, तेही माहीत असावं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आयुक्त उत्पन्न-खर्चाचे अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. १६ सदस्यांची ही समिती त्यात फेरफार करते आणि मग ते महासभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे जातात. पुढच्या वर्षीचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. नवी मुंबईत मे २०२० पासून प्रशासक होते, म्हणजे मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. त्या काळात नागरिकाला आयुक्तांचं एकच दार होतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १११ नगरसेवकांचं सभागृह पुन्हा आलं, म्हणजे आता तीन टप्पे आहेत. खात्याच्या यादीतून काम सुटलं, तर स्थायी समितीत आणि तिथेही राहिलं, तर महासभेत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला ते मांडता येतं. त्यासाठी त्यांच्या हातात कागद हवा. नुसतं ‘साहेब, लक्ष असू द्या’ म्हणून आलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता पत्राकडे येऊ. आमचं जुनं वाक्य होतं, ‘परिसरातील पदपथांची दुरवस्था दूर करावी.’ तक्रार म्हणूनही हे मोघम आहे आणि सूचना म्हणून तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण याची रक्कम कुणाला काढता येत नाही. मग एका रविवारी सकाळी आम्ही चौघं टेप घेऊन गेलो. एक टोक शेजारच्या काकूंनी धरलं, दुसरं मी. पदपथ संपतो तिथून शाळेच्या फाटकापर्यंत ८४ मीटर भरले. रुंदी दीड मीटर मिळते, मधे एक झाड आणि एक विजेची पेटी आहे. नवं वाक्य असं झालं: ‘शाळेच्या मागील रस्त्याच्या डाव्या बाजूस ८४ मीटर लांब व १.५ मीटर रुंद नवीन पदपथ बांधण्यासाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद करावी. झाड व विद्युत पेटी जागेवर ठेवून काम करता येईल.’ सोबत तीन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. अभियंत्याने कागद वाचला आणि उभ्या उभ्या हिशेब करायला घेतला. तीन वर्षांत पहिल्यांदाच आमच्या कागदावर कुणीतरी आकडा लिहिला.

पत्र देण्याआधी रस्ता कुणाचा आहे ते मात्र बघावं. आपल्याकडे हा घोळ फार आहे. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. कित्येक मोकळे भूखंड अजून सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे आहेत. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक पत्ता नवी मुंबई असाच सांगतात, पण त्यांची महापालिका पनवेलची, २०१६ साली झालेली. त्यांनी बेलापूरच्या मुख्यालयात दिलेली सूचना कितीही चांगली असली, तरी तिथे तिचं काही होऊ शकत नाही.

सगळ्यात कामाचं साधन म्हणजे खुद्द अंदाजपत्रकाचं पुस्तक. ते जाडजूड असतं, कोट्यवधींचे आकडे पाहून माणूस मिटून ठेवतो. सगळं वाचायची गरज नाही. आपल्या कामाचं लेखाशीर्ष शोधायचं आणि ती एकच ओळ आडवी वाचायची. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. समजा, मूळ अंदाजात ५० लाख होते आणि सुधारितमध्ये ५ लाख उरले. याचा अर्थ पैसे ठेवले होते, पण काम हललं नाही. इथे नवी सूचना देण्यात अर्थ नाही. इथे तक्रारच करायची: निविदा का निघाली नाही, रक्कम कुठे वळवली. ओळीत सगळीकडे शून्य असेल किंवा ओळच नसेल, तर सूचना. कोणतं पत्र लिहायचं ते ही ओळच सांगते. उत्तर मिळालं नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीचा अधिकार आहेच.

पुण्यात याची रीतसर सोय आहे. २००६ पासून तिथली महापालिका नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं अर्जाने मागवते आणि त्यांना बजेटमध्ये वेगळी जागा देते. आपल्याकडेही असा वेगळा रकाना हवा, ही मागणी मी दरवर्षी पत्रात शेवटी जोडतो.

तरतूद झाली म्हणजे काम झालं, असं मात्र धरू नये. पुढे प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश असा प्रवास असतो आणि पावसाळ्यात खोदकाम बंद. त्यामुळे एप्रिलमध्ये पैसे आले, तरी फावडं पडायला दिवाळी उजाडू शकते. दिवाळीपर्यंत निविदेचा पत्ता नसेल, तर सूचनेचं काम संपलेलं असतं आणि तक्रारीचं सुरू होतं. तेव्हा सूचनेची आवक शिक्का मारलेली प्रत जोडायची, खाली पुस्तकातल्या पानाचा आणि लेखाशीर्षाचा क्रमांक लिहायचा. आमची प्रत सेक्रेटरींच्या कपाटात, पाणीपट्टीच्या बिलांवर ठेवली आहे.