कासेरोसची पार्श्वभूमी: दरवर्षीचा राजीनामा आणि एका बंदराची जकात

३ फेब्रुवारी १८५२ रोजी अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स शहराच्या पश्चिमेला कासेरोस इथे रोसास आणि त्याच्यावर उलटलेला उर्किसा यांच्या सैन्यांत लढाई झाली. दोन्ही बाजूंना वीस हजारांहून अधिक माणसे होती, तरी काही तासांत निकाल लागला. हाताला जखम झालेला हुआन मान्वेल दे रोसास रणांगणातून निघाला, ब्रिटिश प्रतिनिधीच्या घरी गेला आणि तिथून जहाजाने इंग्लंडला. लढाई म्हणून हा दिवस फार काही शिकवत नाही. खरे डावपेच आधीच्या नऊ महिन्यांत कागदावर खेळले गेले होते.

या लढाईने ‘अर्जेंटिनाचा हुकूमशहा’ पडला असे सरसकट लिहिले जाते. पण तो पडला नेमका कोणत्या पदावरून? रोसास राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हता. तो ब्युनोस आयर्स या एका प्रांताचा गव्हर्नर होता. आधी १८२९ ते १८३२ आणि पुन्हा १८३५ पासून, त्या वेळी तर ‘सर्व सार्वजनिक सत्ता’ अधिकृतपणे हातात घेऊन. प्रांतांच्या संघाला ना राज्यघटना होती, ना राजधानी, ना सामाईक खजिना. ४ जानेवारी १८३१ च्या करारात सर्व प्रांतांची परिषद बोलावून देशाची घडी बसवायचे ठरले होते. ती परिषद रोसासने भरू दिली नाही. डिसेंबर १८३४ मध्ये एका प्रांतीय पुढाऱ्याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याने कारण दिले: आधी प्रांतांनी आपापले घर सावरावे, घटनेचे नंतर पाहू. हे ‘नंतर’ पुढची सतरा वर्षे उजाडले नाही.

बाकीच्या प्रांतांशी त्याला बांधणारा कायदेशीर धागा एकच होता. परराष्ट्र व्यवहार पाहण्याचा अधिकार त्यांनी ब्युनोस आयर्सच्या गव्हर्नरकडे सोपवला होता. तो सोपवलेला होता, म्हणजे परत घेता येणारा होता. हा मुद्दा इथे ताणून मांडतो आहे, कारण कासेरोसचे सगळे गणित त्यावर उभे आहे. प्रकृती आणि वय पुढे करून रोसास वेळोवेळी या जबाबदारीचा राजीनामा देई. ब्युनोस आयर्सचे प्रतिनिधीगृह तो नामंजूर करी, प्रांतांकडून ‘आपणच राहा’ अशी विनवणीपत्रे येत आणि कारभार पुढे चाले. राजीनामा देणे हीच सत्ता पक्की करण्याची रीत झाली होती.

१ मे १८५१ रोजी एन्त्रे रिओस प्रांताचा गव्हर्नर हुस्तो होसे दे उर्किसा याने तो राजीनामा मंजूर करून टाकला. आमच्या प्रांताने दिलेले अधिकार आम्ही परत घेत आहोत, राष्ट्रीय परिषद भरेपर्यंत इतर देशांशी आमचे आम्ही बोलू, असे जाहीरनाम्यात म्हटले होते. इतकी वर्षे पुढे केलेला कागद कोणीतरी शेवटी हातात घेतला होता. माझ्या मते हे बंड नव्हतेच. सोपवलेली गोष्ट मागे घेणे याला बंड म्हणायचे, तर मुळातला करारच पोकळ ठरतो.

साथ मात्र एकट्या कोरिएन्तेस प्रांताने दिली. रोसासच्या बाजूच्या सरकारी कागदांवर ‘वेडा, गद्दार, रानटी युनिटेरियन उर्किसा मरो’ अशी घोषणा झळकू लागली. यातला ‘युनिटेरियन’ हा शब्द नीट पाहावा. युनिटेरियन म्हणजे केंद्राच्या हाती सत्ता मागणारे, फेडरल म्हणजे प्रांतांची स्वायत्तता मागणारे. उर्किसा आयुष्यभर फेडरल होता. विजयानंतर ब्युनोस आयर्समध्ये शिरतानासुद्धा फेडरलांची लाल फीत त्याच्या अंगावर होती, आणि हद्दपारीतून परतलेल्या युनिटेरियनांना ती फार झोंबली. उलट स्वतःला फेडरल म्हणवणाऱ्या रोसासने बंदर, जकात आणि नद्या सगळे एका शहराच्या मुठीत ठेवले. तेव्हा ‘फेडरल’ हा शब्द विचार सांगत होता की फक्त गट, हे प्रत्येक कागदागणिक तपासावे लागते.

रोसासचे समर्थक दोन गोष्टी पुढे करतात. पहिली ब्राझीलची. उर्किसाने २९ मे १८५१ रोजी ब्राझीलच्या साम्राज्याशी आणि उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या सरकारशी तह केला. नोव्हेंबरच्या करारात ब्राझीलने चार महिने दरमहा एक लाख पाताकोन (चांदीची नाणी) कर्जाऊ देण्याचे मान्य केले. कासेरोसवर ब्राझीलची सुमारे चार हजारांची तुकडी लढली. हा डाग खरा आहे, तो पुसता येत नाही. दुसरी गोष्ट २० नोव्हेंबर १८४५ ची. त्या दिवशी पाराना नदीवर आडवे साखळदंड टाकून रोसासच्या सैन्याने इंग्रज-फ्रेंच आरमाराला अडवण्याची शर्थ केली. त्या शौर्याबद्दल वाद नाही. पण परकीयांना बंद असलेली ती नदी वरच्या अंगाच्या प्रांतांनाही बंदच होती. एन्त्रे रिओस, कोरिएन्तेस यांचा माल परदेशी जायचा तर ब्युनोस आयर्समधूनच, आणि जकात जमा व्हायची तिथल्याच तिजोरीत. त्या जकातीतला वाटा त्यांना मिळत नव्हता.

रोसास गेला, बंदर तिथेच राहिले. पुढचे सगळे यातूनच निघाले. ३१ मे १८५२ च्या सान निकोलास करारात घटना परिषदेसाठी प्रत्येक प्रांताला दोन प्रतिनिधी ठरले. ब्युनोस आयर्सने तो फेटाळला आणि ११ सप्टेंबरला उठाव करून वेगळी वाट धरली. १ मे १८५३ रोजी, उर्किसाच्या जाहीरनाम्याला बरोबर दोन वर्षे होताना, सांता फे इथे घटना मंजूर झाली. पण सर्वांत श्रीमंत प्रांत तिच्या बाहेर होता. त्याला आत आणायला १८५९ मध्ये सेपेदा आणि १८६१ मध्ये पाव्होन अशा आणखी दोन लढाया लागल्या. पाव्होनचे मैदान उर्किसाने स्वतःहून सोडले आणि सूत्रे पुन्हा ब्युनोस आयर्सकडे गेली. शहर प्रांतापासून तोडून संघाची राजधानी केले गेले ते थेट १८८० मध्ये. त्याआधी, एप्रिल १८७० मध्ये, उर्किसाचा त्याच्याच वाड्यात खून झाला होता. रोसास साउदॅम्प्टनजवळ शेती करत १८७७ मध्ये वारला. त्याचे अवशेष मायदेशी आणायला १९८९ उजाडले.

ब्युनोस आयर्समधल्या पालेर्मो भागातला रोसासचा वाडा ३ फेब्रुवारी १८९९ रोजी, लढाईचीच तारीख साधून, पाडण्यात आला. त्या जागी पुढच्याच वर्षी त्याच्या कट्टर विरोधकाचा पुतळा उभा राहिला. तो विरोधक, दोमिंगो सार्मिएन्तो, उर्किसाच्या सैन्याची वार्तापत्रे लिहीत असे आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाला. रोसासचा अश्वारूढ पुतळा १९९९ मध्ये त्याच परिसरात बसवला गेला.

एक कागद राहिला. कासेरोसहून परतताना, शहरात शिरण्याआधी एका मोकळ्या जागेत थांबून, रोसासने पेन्सिलीने प्रतिनिधीगृहाला राजीनामा लिहिला होता. तो नामंजूर करायला या वेळी कोणी उरले नव्हते.