लांब इंग्रजी शब्द: कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा
(आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी संभाषण वर्गात येणाऱ्यांसाठी)

व्याकरण चोख, शब्द नेमका, तरी समोरचा ‘काय म्हणालात?’ विचारतो. अशा वेळी बहुधा जोर चुकलेला असतो. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत शब्दाचा एकच अवयव (सिलेबल, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) ठसठशीत उच्चारतात आणि बाकीच्यांतले बरेच स्वर आखडून पुसट ‘अ’ होतात.

आधी अवयव मोजा. हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हणा. जबडा जितक्यांदा खाली येईल, साधारण तितके अवयव. स्पेलिंगवर विसंबू नका: ‘कम्फर्टेबल’ लिहिताना लांबलचक दिसतो, पण बोलताना बहुतेक जण तीनच अवयव म्हणतात, ˈकम्फ्-ट-बल. ही उभी बारीक रेघ शब्दकोशांतही दिसेल. तिच्या पुढच्या अवयवावर जोर.

आता हे तीन शब्द मोठ्याने म्हणा:
ˈफो-ट-ग्राफ
फ-ˈटॉ-ग्र-फी
फो-ट-ˈग्रॅ-फिक
मूळ एकच, पण जोर सरकला की स्वरही बदलले. आपण तिन्ही ठिकाणी ‘फोटो’ स्वच्छ म्हणतो आणि तिथेच फसतो. वर्गात आम्ही सगळ्यात जास्त वेळ याच तीन शब्दांवर घालवतो, कारण हे कानात बसलं की पुढचं सोपं जातं.

शेवट पाहूनही जोर ओळखता येतो. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’ यांच्या लगेच आधीच्या अवयवावर तो पडतो: इ-ˈलेक्-ट्रिक, पण इ-लेक्-ˈट्रि-स-टी. अपवाद आहेत, ˈपॉ-ल-टिक्स आणि ˈअॅ-र-बिक हे दोन पाठच करा. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर: रि-ˈकॉर्ड.

आपल्याकडे हमखास चुकणारे शब्द: हो-ˈटेल, डि-ˈव्हे-लप्-मन्ट, स-ˈटि-फि-कट. हे मराठी बोलताना जसे म्हणता तसेच म्हणत राहा, ते आता आपलेच शब्द आहेत. इंग्रजी वाक्यात मात्र जोर जागेवर हवा.

पहिल्या दिवशी येताना तुमच्या रोजच्या कामातले दहा लांब शब्द लिहून आणा. औषधाच्या दुकानात असाल तर ‘अँटिबायोटिक’, हिशेबाच्या कामात असाल तर ‘डिप्रिसिएशन’. सराव त्यांच्यापासूनच सुरू करू.