कुंपणानं शेत खाऊ नये म्हणून

जीवाणूंनाही विषाणूंचा ताप असतो. फेज नावाचे विषाणू जीवाणूच्या आवरणाला चिकटून आपला डीएनए आत सोडतात. तो कापून टाकणाऱ्या एन्झाइमांवरील कामासाठी वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना 1978 साली नोबेल मिळालं. या कात्रीचं कौतुक भरपूर झालं. ती आवरायची कशी, हे कोडं मला जास्त अवघड वाटतं.

प्रोटिअस व्हल्गॅरिस या जीवाणूतलं पीव्हीयू-2 हे एन्झाइम घ्या. डीएनएच्या चार अक्षरी लिपीतली सी-ए-जी-सी-टी-जी अशी सहा अक्षरं ओळीनं दिसली की ते डीएनए बरोबर मधोमध कापतं. पण हीच अक्षरं जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही ठिकठिकाणी येतात. म्हणून जोडीला दुसरं एन्झाइम असतं. ते अशा प्रत्येक जागी मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण करून ठेवतं आणि खूण दिसली की कात्री ती जागा सोडून देते. नव्यानं घुसलेल्या फेजवर सहसा ही खूण नसते.

खरी पंचाईत पुढे आहे. या दोन्ही एन्झाइमांची जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या वेटोळ्यावर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात जातात. तिथे एकाही जागी खूण झालेली नसते. कात्री आधी तयार झाली, तर यजमान मेलाच!

इथे 'सी' नावाचं तिसरं प्रथिन कामी येतं. खुणा करणारं जनुक लगेच चालू होतं; कात्रीचं जनुक मात्र सीच्या जनुकाला जोडलेलं असतं आणि सीशिवाय ते जवळपास गप्पच राहतं. सी सुरुवातीला अगदी थोडं तयार होतं. त्याचे रेणू जोडीनं डीएनएवर बसावे लागतात आणि रेणू विरळ असताना जोड्या जमत नाहीत. पुरेसं साठलं की सी स्वतःचंच जनुक जोरात चालवतं, सोबत कात्रीचंही. ई. कोलाय या जीवाणूत हा उशीर सुमारे 10 मिनिटांचा निघाला. दर 20 मिनिटांनी दुभंगू शकणाऱ्या जीवाला एवढी सवड पुष्कळ झाली. सी फारच वाढलं तर? मग त्याची दुसरी जोडी शेजारी बसून जनुक वाचणाऱ्या एन्झाइमची वाट अडवते.

क्रिस्पर ही जीवाणूंची फेजविरुद्धची आणखी एक संरक्षण यंत्रणा; ती बाळगणाऱ्या जीवाणूंनाही ही काळजी चुकलेली नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनीस या जीवाणूत एक लांब आरएनए कॅस9ला, म्हणजे क्रिस्परच्या कात्रीला, कॅस9च्याच जनुकाच्या तोंडाशी नेऊन बसवतो. तिथे कॅस9 कापत नाही, नुसतं अडून बसतं, त्यामुळे नवं कॅस9 कमी बनतं. हा लगाम काढल्यावर काय होतं, हे 2021 साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं: फेजविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवणाऱ्या जीवाणूंचं प्रमाण 3,000 पट वाढलं, पण त्याबरोबर आपल्याच पेशीवर उलटणाऱ्या क्रिस्परचा त्रासही वाढला.